शक्तिमानच्या पंख्याला तडा: एका पाण्याच्या टँकरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी अडीचच्या उन्हात, एक शक्तिमान, फौजेतली जुनी ट्रकगाडी, माझ्या गॅरेजसमोर येऊन थांबली. बोनेट उघडंच होतं. चालवणारा पोरगा खाली उतरला आणि पहिलं वाक्य बोलला, "मिस्त्री, गाडी माझ्यापेक्षा जास्त पाणी पितीय."

गाव माण तालुक्यातलं, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं. गाडीचे मालक फौजेतून निवृत्त झालेले, आर्मी सर्व्हिस कोअरचे ड्रायव्हर. आमच्याकडे फौजेतून आलेल्या माणसाला हुद्दा काहीही असो, 'मेजर'च म्हणतात, म्हणून इथंही मेजर. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी शक्तिमानच चालवली. मग लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेली, दोन-तीन मालकांच्या हातून फिरलेली अशीच एक गाडी त्यांनी घेतली, मागे ४,००० लिटरची टाकी बसवली आणि उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांना पाणी द्यायचं काम धरलं. आता स्टिअरिंगवर त्यांचा पुतण्या असतो.

गाडीबद्दल थोडं, कारण नवीन पोरांना ती फक्त संग्रहालयातली वाटते. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर आपल्याकडे बनलेला ट्रक. १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत तो बनायला लागला, पुढे तिथल्याच व्हेइकल फॅक्टरीत गेला आणि १९९६ पर्यंत बनत राहिला. नंतर त्याची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियन ट्रकनं घेतली. फौजेत याला थ्री-टनर म्हणत, कारण कच्च्या वाटेवर ३ टनाचा हिशेब असे. पक्क्या रस्त्यावर त्याहून जास्त चाले. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद शंभरेक हॉर्सपॉवर, चारही चाकांना जोर. आजच्या मानानं कमी वाटेल, पण चिखलातून आणि ओढ्यातून ही गाडी कशी निघते ते ज्यानं पाहिलंय तो हसत नाही.

या गाडीचं वेगळेपण दोन गोष्टींत होतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरलं. एक, ती भरल्या टाकीनं शिखर शिंगणापूरच्या बाजूचे चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढायची. दोन, वस्तीवर पोचल्यावर पीटीओवरचा, म्हणजे गाडीच्याच इंजिनाच्या जोरावर चालणारा, पंप लावून एका जागी उभी राहून पाणी उपसायची. दोन्ही वेळी समोरून येणारा वारा जवळजवळ शून्य. रेडिएटरला जी काही हवा मिळायची ती पंख्याकडूनच. हायवेवरचा ट्रक निम्म्या पंख्यावरही दिवस काढतो, या गाडीला ती सवलत नव्हती.

अडचण

पुतण्यानं सांगितलेला क्रम असा. मार्चअखेरीस तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर राहायला लागला. चढावर रेडिएटरच्या झाकणाखालून फसफस. मग त्यानं पंख्याचा पट्टा ओढला. आठवड्यात पुन्हा आवाज, पुन्हा ओढला. तिसऱ्यांदाही ओढला. ही 'तीनदा पट्टा ओढला'ची गोष्ट त्यानं ओघात सांगितली आणि मी ओघातच ऐकली. नंतर तीच महागात पडली.

एका गॅरेजवाल्यानं त्याला सल्ला दिला होता की पंख्याची पुली लहान करून घे, पंखा जोरात फिरेल. कानाला पटणारा सल्ला आहे. हिशेब मात्र असा: फेरे दहा टक्क्यांनी वाढले की हवा दहाच टक्के वाढते, पंखा फिरवायला लागणारी ताकद तेहतीस टक्के वाढते आणि पात्यांना बाहेर खेचणारा जोर एकवीस टक्के. त्यानं पुली बदलली नाही हे त्याचं नशीब, कारण पंख्याची अवस्था त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हती.

इंजिन गार झाल्यावर बॅटरीची वायर काढली आणि पंख्यापाशी गेलो. सहा पत्र्याची पाती, मधल्या चांदणीसारख्या तुकड्यावर रिव्हेट मारून बसवलेली. तीन रिव्हेटांभोवती तांबूस पावडर साचली होती. साधा गंज पापुद्र्यासारखा असतो. ही पावडर बारीक, हळदीसारखी बोटाला लागणारी. दोन पत्रे एकमेकांवर सतत घासले की लोखंडाचा असा भुगा पडतो, म्हणजे रिव्हेट ढिले झालेत. एका पात्यावर जुना पितळेचा डाग होता. कधीतरी कोणीतरी ब्रेझिंग करून ते जोडलं होतं.

पंखा उतरवला आणि खडूची परीक्षा केली. तडा शोधायचं तयार रसायन बाजारात मिळतं, लाल रंग आणि पांढरी फवारणी असं. पण ते नसेल तर रॉकेल आणि खडू पुरतो. पातं घासून स्वच्छ करायचं, रॉकेल चोपडायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कोरडं पुसायचं, खडूची पूड फासायची आणि पात्यावर हलक्या हातानं टकटक करायची. फटीत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. एका पात्याच्या मुळाशी रिव्हेटच्या भोकापासून दोन सेंटिमीटरची रेघ उमटली. आणखी दोन पात्यांवर केसासारख्या. मेजर तोवर येऊन पोचले होते. त्यांनी चष्मा वर करून रेघ पाहिली आणि म्हणाले, "ही गाडी ऑफरोड." फौजेच्या भाषेत, दुरुस्त होईपर्यंत गाडी बंद.

पहिला पेच: गाडी थांबवायची का?

वाचायला सोपं वाटतं, पण त्या दिवशी सोपं नव्हतं. टाकी भरलेली होती. तीन वस्त्यांना संध्याकाळी पाणी जायचं होतं. मेजरांनी 'ऑफरोड' म्हटल्यावर पुतण्या वैतागला. त्याचं म्हणणं, आठ दिवस हळू चालवतो, चैत्राची यात्रा उरकली की गाडी लावतो.

त्याच्या म्हणण्यातही तथ्य होतं, म्हणून आम्ही आकडे मांडले. एक पातं सुमारे २२५ ग्रॅमचं. त्याचा भार अक्षापासून साधारण १६ सेंटिमीटरवर. पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेतो तेव्हा त्या पावशेराच्याही आतल्या पत्र्याला बाहेर खेचणारा जोर सव्वादोनशे किलोच्या पुढे जातो. फेरे निम्मे केले तर हाच जोर चौथाईवर, साठेक किलोवर येतो. म्हणजे हळू चालवण्यानं धोका खरंच कमी होतो. पण निम्म्या फेऱ्यांवर चढ चढत नाही आणि पंपही नीट उपसत नाही. चढावर गिअर खाली टाकला की इंजिन ओरडणारच, आणि ते नेमकं कधी ओरडेल हे ड्रायव्हरच्या हातात पूर्णपणे नसतं.

पातं सुटलं तर दोन गोष्टी होतात. ते पुढे गेलं तर रेडिएटर फाडतं, बाजूला गेलं तर बोनेटचा पत्रा चिरून बाहेर पडतं. आणि उरलेली पाच पाती एकांगी होऊन तोच सव्वादोनशे किलोचा धक्का वॉटर पंपाच्या (इंजिनात पाणी फिरवणारा पंप, पंखा त्याच्यावरच बसतो) स्पिंडलला, म्हणजे मधल्या दांड्याला, सेकंदाला चाळीस वेळा, दर फेऱ्यात फिरत्या दिशेनं देत राहतात. उपसा चालू असताना घागरी घेऊन पोरंसोरं गाडीच्या पुढ्यातच उभी असतात, हे मेजरांनी आठवण करून दिलं. पुतण्या त्यावर काही बोलला नाही.

मधला मार्ग एक होता आणि तो आपल्याकडे सर्रास करतात: तडकलेलं पातं आणि त्याच्या बरोबर समोरचं पातं, दोन्ही कापून टाकायची. चार पात्यांचा पंखा निदान समतोल राहतो. कोणी जंगलात अडकला असेल तर मी त्याला हेच सांगेन. इथं मात्र तीन पाती संशयाची होती, आणि हवा आधीच कमी पडत होती.

शेवटी गाडी थांबवली. भरलेली टाकी गावातल्याच सार्वजनिक टाकीत ग्रॅव्हिटीनं उतरवली आणि सहा दिवसांसाठी ट्रॅक्टरचा टँकर भाड्यानं लावला. त्याचं भाडं मेजरांनी खिशातून भरलं. ते पंख्याच्या किमतीहून जास्त झालं, आणि जुन्या गाडीच्या कामात हा आकडा कोणी आधी धरत नाही.

समोरचे पर्याय

वेल्डिंग. पहिला प्रश्न नेहमी हाच येतो. दीड-पावणेदोन मिलिमीटरचा पत्रा वेल्ड केला की जोडाच्या कडेचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, आणि पुढचा तडा तिथूनच जातो. वर जोडाचं वजन एका बाजूला वाढतं. पितळेचा डाग असलेलं पातं तेच सांगत होतं. पाच मिनिटांत बाद.

भंगारातला मूळ पंखा. मेजरांचा जीव याच्यात होता. गाडी मूळ रूपात राहावी हे त्यांना मनापासून वाटतं, आणि ती भावना मी कमी लेखत नाही. त्यांच्या जुन्या ओळखीतून दोन पंखे आलेही. एक गंजानं खड्डे पडलेला. दुसरा दिसायला चांगला, नुकताच काळा रंग मारलेला. रंग खरवडून खडू फासला तर तडा नाही निघाला. तरीही मी नको म्हणालो. पत्रा किती लाख वेळा वाकलाय हे खडू सांगत नाही, तो फक्त उघडलेली फट सांगतो. आपला पंखा जितक्या वर्षांचा तितक्याच वर्षांचा तो. संग्रहातल्या, वर्षातून दोनदा संचलनात चालणाऱ्या गाडीसाठी मी हाच पंखा आनंदानं बसवला असता.

इलेक्ट्रिक पंखा. पुतण्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. गाडीची वायरिंग २४ व्होल्टची, बसच्या एसीचे २४ व्होल्टचे पंखे मिळतात, मग दोन लावून टाकू. इथं थोडा हिशेब करावा लागतो. शंभर हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलोवॉट. चढावर इंजिन पूर्ण जोरात असताना ढोबळमानानं ५० किलोवॉट उष्णता पाण्यात उतरते. हवा रेडिएटरमधून जाताना तीस अंशांनी तापते असं धरलं तर ती उष्णता वाहून न्यायला सेकंदाला साधारण दीड घनमीटर हवा लागते. एसीच्या पंख्यांवर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जुन्या ट्रकच्या जाड रेडिएटरमागे तो बराच खाली येतो. चार पंखे लावावे लागले असते, आणि तेवढ्या करंटला गाडीचा जुना चार्जर दमला असता. शिवाय रिले, फ्यूज, सेन्सर. यातलं काहीही वस्तीवर रात्री बंद पडलं तर इंजिनच गेलं. हलक्या पेट्रोल गाडीला हा उपाय बरा असतो.

नवीन पंखा बनवून घेणं. तालुक्याला एक फॅब्रिकेटर तयार होता. पण पात्याचा पत्रा कोणत्या जातीचा, पीळ किती अंशांचा, सहाही पाती एकाच वजनाची कशी करणार, या प्रश्नांवर तो "होऊन जाईल" म्हणाला. फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मला 'होऊन जाईल'ची भीती वाटते.

चालू ट्रकचा नायलॉनचा पंखा. एकाच साच्यातून निघालेला, आठ पात्यांचा, कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारा. जुना पंखा किराणा दुकानाच्या काट्यावर ३ किलो ४०० ग्रॅम भरला, हा १ किलो ७०० ग्रॅम. वॉटर पंपाच्या बेअरिंगवरचा पंख्याचा भार तिथंच निम्मा झाला. व्यास जुन्याहून दीड सेंटिमीटर कमी, पण दोन पाती जास्त. तोटे होतेच. नायलॉनही म्हातारं होतं, तेल आणि उष्णता खाऊन मधल्या लोखंडी चकतीपाशी चिरतं. बोल्टांची भोकं जुळत नव्हती. आणि गाडीच्या मूळपणाला धक्का.

मेजर रात्रभर विचार करून सकाळी आले. म्हणाले, "फौजेत असतो तर स्टोअरकडून मूळचाच मागवला असता. आता स्टोअर म्हणजे तालुक्याचं दुकान. नायलॉनचा टाका. पण जुना पंखा मला द्या, आणि गाडीला कुठं कापू नका." हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो: पुढे कोणाला मूळ पंखा बसवायचाच असेल तर सगळं उलट करता यावं.

प्रत्यक्ष काम

दुकानात पंखा घेताना एक गंमत झाली. पंखे उजवे-डावे असतात, म्हणजे पुढून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरून हवा मागे ओढणारे आणि उलट फिरून ओढणारे. आम्हाला घड्याळाच्या दिशेचा हवा होता, दुकानात शिल्लक दुसरा. दुकानदार म्हणाला, उलटा करून लावा, काम होतं. होत नाही. पंखा पालटला तरी त्याचा पीळ तोच राहतो, जसा उजव्या आट्यांचा बोल्ट कोणत्याही टोकानं धरला तरी उजव्याच आट्यांचा. हवेची दिशा बदलत नाही, फक्त पात्यांची खोलगट बाजू चुकीकडे जाते आणि हवा कमी होते. उजव्या पंख्यासाठी एक दिवस थांबलो.

तो दिवस रेडिएटरला दिला. बाहेरून जाळीत गवताचं कुसळ आणि चिखल घट्ट बसला होता. इंजिनाकडून पुढच्या दिशेनं, म्हणजे हवा येते त्याच्या उलट, पाणी मारून तो काढला. आतून परिस्थिती वाईट होती. या गाडीत आयुष्यभर बोअरचं पाणी भरलं गेलं होतं, आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे अर्धा चुना. वरची टाकी उघडून नळ्यांतून सळ्या घालून रॉडिंग करून घेतलं. बादलीभर पांढरी खपली निघाली.

पंख्याभोवतीच्या काऊलिंगचा, म्हणजे पत्र्याच्या कड्याचा, खालचा अर्धा भाग कधीतरी कापलेला होता, बहुधा घाईत पट्टा बदलताना. काऊलिंग नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आपल्याच बाजूची तापलेली हवा गोल गोल फिरवत बसतो. पत्र्याचा नवीन अर्धा भाग बनवला, बोल्टवर काढता येईल असा. पात्याच्या टोकापासून काऊलिंगपर्यंत २० मिलिमीटर अंतर ठेवलं. पुस्तकात याहून कमी चालतं, पण इंजिनाखालचे रबरी माउंट बसलेले होते, ब्रेक मारल्यावर इंजिन किती डुलतं ते पाहून हा आकडा ठरवला. पाती रुंदीनं साधारण दोन तृतीयांश काऊलिंगच्या आत, उरलेली बाहेर.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप. त्याचं घर उघडलं तर आत काहीच नाही. आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी थर्मोस्टॅटचा जातो. 'काढून टाकलं की पाणी मोकळं फिरतं' ही समजूत. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो; तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. त्या मापाचा थर्मोस्टॅट तेव्हा मिळाला नाही. नंतर बघू म्हणून सोडून दिलं.

चुकलेली पायरी

पंखा वॉटर पंपाच्या हबवर बसतो, आणि मधे एक चकती होती, कोणीतरी कधीतरी लेथवर बनवलेली. पंपही मूळचा नव्हता, चकती त्यासाठीच आली असणार. नवीन पंख्याच्या भोकांसाठी त्याच चकतीत नवीन भोकं पाडली, मधला गाईड (पंखा बरोबर मध्यावर धरणारा उंचवटा) नीट बसतो का पाहिलं, नवे बोल्ट, नवे वॉशर, आडवेतिडवे क्रमानं आवळले. पंपाचं बेअरिंग तपासायला पंख्याचं टोक धरून हलवलं. खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला नाही. गाडी चालू केली.

घुमण्याचा आवाज तसाच. थोडा हलका झालेला, पण तसाच. बाजूला उभं राहून पाहिलं (पंख्याच्या रेषेत कधीच उभं राहू नये, नवा असला तरी) तर पात्यांची टोकं पुढेमागे लहरत होती.

डायल गेज, म्हणजे बारीक डुगडुग मोजायचं घड्याळ, लावला. चकतीचा पृष्ठभाग मध्यापासून ४५ मिलिमीटरवर ०.८ मिलिमीटर डुगडुगत होता. ऐकायला काहीच नाही. पण पात्याचं टोक मध्यापासून २४० मिलिमीटरवर, म्हणजे तिथं चार मिलिमीटरहून जास्त. चकती लेथवर पालटून धरताना तिरकी बसली असावी. तिच्या दोन बाजू एकमेकींना समांतरच नव्हत्या. जुना पंखा असाच लहरत, थरथरत फिरत होता, किती वर्षं कोणास ठाऊक. तडे म्हातारपणानं गेले असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. म्हातारपण होतंच, पण ही चकती त्याला रोज हातभार लावत होती.

आणि बेअरिंग? आता पट्टा काढला आणि पुन्हा पंखा हलवला. खळखळ. पट्टा ताणलेला असताना तो स्पिंडल एका बाजूला घट्ट धरून ठेवतो, खेळ कळतच नाही. तीनदा ओढलेला पट्टा तर जास्तच. तो पट्टा वारंवार का सैल होतोय हे विचारायचं सोडून मी त्याचा ताण तसाच ठेवून बेअरिंग तपासलं होतं. पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून पांढरा ओघळ आलेला होता, तोही मी रेडिएटरच्या पाण्याचा शिंतोडा समजून पुसून टाकला होता. ते भोक असतंच मुळी सील गेल्याची वर्दी द्यायला.

इथं दुसरा पेच आला. चार दिवस झाले होते. चकती तेवढी सरळ करून गाडी सोडायची, पंप यात्रेनंतर? पुतण्या आता बोलतच नव्हता, नुसता घड्याळ बघत होता. मेजर म्हणाले, "हॉल्ट परेडला जे दिसलं ते लास्ट परेडपर्यंत ठेवायचं नसतं." फौजेत ड्रायव्हर गाडी निघण्याआधी, वाटेत थांबल्यावर आणि परतल्यावर अशी तीनदा तपासतो, त्यावरून. पंप उतरवला. बेअरिंग आणि सील नवीन, स्पिंडल टर्नरकडून तपासून घेतला, आणि चकती नव्या गोल सळईतून एकाच पकडीत, गाईड आणि पृष्ठभाग दोन्ही एकदम कातून घेतली. जाडी लागेल तेवढीच ठेवली. पंखा जितका पुढे लोंबेल तितकं बेअरिंगवर ओझं. आता डायल ०.०५ मिलिमीटरच्या आत.

निकाल

सहाव्या दिवशी संध्याकाळी भरल्या टाकीनं तोच चढ. बाहेर ४१ अंश. वरच्या टाकीवर तापमापकाची गन धरली: चढाच्या माथ्यावर ८९. आधीचा आकडा पुतण्यानं काट्यावरून सांगितलेला, शंभराच्या जवळपास आणि फसफस. काट्याची आणि गनची तुलना तंतोतंत होत नाही, पण वाटेत पाणी घालावं लागलं नाही एवढं पुरे. एका जागी पाऊण तास उपसा केल्यावर ८४.

श्रेय नेमकं कशाचं? रॉडिंग, काऊलिंग, पंखा, पंप, सगळं एकाच आठवड्यात झालं. माझा अंदाज असा की तापण्याचं मोठं कारण चुना आणि कापलेलं काऊलिंग होतं, आणि पंख्याचा प्रश्न मुळात थंडाव्याचा कमी, सुरक्षिततेचा जास्त होता. वेगवेगळं मोजलं असतं तर नक्की सांगता आलं असतं. चैत्रात तेवढी सवड कोणाला?

आठवड्यानं बोल्ट पुन्हा आवळले, एक पाव आटा बसला. पट्टा पाऊस पडेपर्यंत पुन्हा ओढावा लागला नाही.

आज हेच काम करायचं झालं तर

पट्टा काढून मगच पंप हलवून पाहीन, आणि तेही पंख्याला हात लावायच्या आधी. डायल गेज जुना पंखा बसलेला असतानाच लावीन. दोन दिवस वाचले असते, म्हणजे ट्रॅक्टरचं दोन दिवसांचं भाडं. पात्यांच्या मुळाशी एकाच जागी तीन तडे दिसल्यावर 'म्हातारं झालंय' यावर समाधान मानायला नको होतं. म्हातारपण सगळीकडे सारखं दिसलं असतं.

भंगारातल्या पंख्याबद्दल मेजर अजून माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचं म्हणणं, चकती सरळ असती तर तो पंखाही टिकला असता. कदाचित टिकला असता. चकती वाकडी आहे हे कळण्याआधी मी तो नाकारला होता, आणि कळल्यानंतर पुन्हा विचार केला नाही, हे खरं.

थर्मोस्टॅटचं मात्र 'नंतर बघू' म्हणणं सरळसरळ चूक होती, आणि ती कळायला डिसेंबर उजाडावा लागला. एका सकाळी साडेसातला मेजरांचा फोन आला.

"मिस्त्री, गाडी आता गरमच होत नाही. काटा साठाच्या वर सरकत नाही, धूर पांढरा. काय केलंत?"

पंखा चांगला, रेडिएटर साफ, काऊलिंग पूर्ण, आणि पाणी अडवायला थर्मोस्टॅट नाही. इंजिन दिवसभर थंडीत कुडकुडत होतं. जुन्या मापाच्या थर्मोस्टॅटसाठी तीन ठिकाणी सांगून ठेवलं. दुपारी त्या बाजूला गेलो तर गाडी वस्तीवर उपसा करत उभी होती, आणि रेडिएटरच्या पुढे, अर्ध्या उंचीपर्यंत, बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा सुतळीनं बांधलेला होता.